एका घरातल्या दोन कड्या

मावशी,
मी नाशिकच्या सिडकोत राहते. घरी आई, आजी, धाकटा भाऊ आणि मी. बाबा दीड वर्ष डायलिसिसवर होते, चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्याबरोबर दवाखान्यात बहुतेक वेळा भाऊच जायचा. तो आता वीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीपासून कॉलेज बंद. दिवसा झोपतो, रात्रभर जागा. खिडकीला काळा कागद चिकटवलाय, बाहेर पडलाच तर गॉगल घालून. दहावीपासून त्याला व्हॅम्पायरच्या सिरीज बघायचा नाद. महिन्यापूर्वी मी त्याला हातावर ब्लेड मारून रक्त चाटताना पाहिलं. मी ओरडले, तर शांतपणे म्हणाला, "रात्री कोणीतरी माझं रक्त काढून नेतं. मग मी माझंच परत घेतो." नेटवर शोधलं तर 'रेनफिल्ड सिंड्रोम' सापडला. त्याच्या म्हणे पायऱ्या असतात: आधी स्वतःचं रक्त, मग प्राण्यांचं, मग माणसांचं. अमेरिकेतल्या एका खुन्याबद्दलही वाचलं. तेव्हापासून मी रात्री खोलीला आतून कडी लावते. तोही त्याच्या खोलीला लावतो. आजी म्हणते बाहेरचं आहे, सप्तशृंगी गडावर नेऊ. मामा म्हणतो त्र्यंबकला नारायण नागबळी करू, आणि पेठ रोडकडच्या एका भगताचं नावही त्यानं काढलंय. आई म्हणते डॉक्टरकडे नेलं तर ठाण्याला टाकतील. हा खरंच तो आजार आहे का? तो आम्हाला काही करेल का?
— एक बहीण, सिडको

बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. ब्लेडच्या नाही, गॉगलच्याही नाही. "मग मी माझंच परत घेतो."

जरा सावकाश वाच ते. व्हॅम्पायर दुसऱ्याचं रक्त पितो. तुझा भाऊ म्हणतोय की त्याचं रक्त दुसरं कोणीतरी नेतंय. त्याच्या डोक्यात जी गोष्ट चालू आहे, तिच्यात तो दात लावणारा नाहीच. ज्याला दात लागले तो आहे. चोरी होतेय, घरातलं कोणी मानत नाही, तेव्हा उरलंय तेवढं तरी आपल्याकडे ठेवावं, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकीच्या पायावर उभा आहे, पण त्याच्यापुरता तो चोख आहे. म्हणून तर तो शांतपणे बोलला. तू रात्री कडी लावतेस ती त्याच्या भीतीनं. तो कडी लावतो ती कोणाच्या भीतीनं, हे घरात कोणी विचारलंय का?

मी डॉक्टर नाही. मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून एकतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाले. पत्रावरून आजाराचं नाव ठरवणं डॉक्टरलाही जमणार नाही, मग मला कुठून जमावं. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट नक्की कळली, की कुठलं लक्षण थांबू देतं आणि कुठलं थांबू देत नाही. तुझ्या भावाचं थांबण्यासारखं नाही. या आठवड्यात त्याला मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचं. पौर्णिमेनंतर नाही, परीक्षेनंतर नाही. बाकीचं बोलणं त्याच्याभोवतीचं आहे, ते आता करू.

आधी तुझ्या त्या रेनफिल्डचं. हा माणूस झालाच नाही. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' कादंबरी १८९७ साली आली, तिच्यातलं हे एक पात्र, वेड्यांच्या इस्पितळातला एक रुग्ण. माश्या पकडतो, त्या कोळ्यांना घालतो, कोळी चिमण्यांना घालतो. मग डॉक्टरांकडे मांजराचं पिल्लू मागतो, ते मिळत नाही तेव्हा चिमण्या स्वतःच खातो. एकदा डॉक्टरांच्या मनगटावर वार करून जमिनीवर सांडलेलं रक्त चाटतो. एवढं सगळं नेटवर सापडतं. पुढचं कोणी लिहीत नाही. एका बाईला वाचवायला हाच रेनफिल्ड शेवटी त्या ड्रॅक्युलाच्या अंगावर जातो आणि त्यात मरतो. कादंबरीतही तो व्हॅम्पायर नाही, रुग्णच आहे. आणि त्याचा जीव कोणी घेतला ते तर सांगितलंच.

त्याच्या नावाचा 'सिंड्रोम' काढला रिचर्ड नोल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं, १९९२ साली. पुढे त्यानंच सांगून टाकलं की आपण मानसोपचारवाल्यांच्या नवनवी नावं काढायच्या हौसेची टर उडवली होती. टर उडवली आणि लोकांनी ती खरी मानली. तू वाचलेल्या पायऱ्या त्याच लिखाणातल्या. शेकडो रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून मांडलेलं ते काही नाही. डॉक्टर ज्या दोन मोठ्या याद्या वापरतात, अमेरिकेतली एक आणि जागतिक आरोग्य संघटनेची एक, त्यांतल्या कुठल्याच यादीत हा आजार नाही. तेव्हा भाऊ 'पहिल्या पायरीवर' आहे आणि पुढे मांजर येणार, मग आपण, हे डोक्यातून काढ. अशी शिडी नाही.

रक्त चाटणारी माणसं मात्र असतात. क्वचित, पण असतात. १९६४ साली दोघा अमेरिकी डॉक्टरांनी या विषयावर मनोविकारांच्या एका मान्यवर नियतकालिकात लेख लिहिला होता, त्याच्या आधीपासूनच्या नोंदी आहेत. त्या नोंदी चाळल्या की कंटाळवाणी गोष्ट हाती लागते: रक्तामागे आजार तोच तोच, आपल्या ओळखीचा. कोणाला स्किझोफ्रेनिया, कोणी नशेत, कोणी मनाची घालमेल सहन होईना म्हणून स्वतःला कापून घेणारं. रक्त डोळ्यांत भरतं म्हणून त्याचंच नाव आजाराला पडतं, एवढंच. ताप आलेल्या माणसाचा शर्ट लाल असला म्हणून आपण त्याला 'लाल ताप' म्हणत नाही.

हा शर्ट कुठून येतो, ते सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा रुग्ण सांगायचे, रेडिओवर माझं नाव घेतात. पुढे टीव्हीतली बातम्या देणारी बाई त्यांच्याशी बोलायला लागली. मग मोबाईल, मग शरीरात बसवलेली चिप. एक म्हातारी सांगायची, रात्री हडळ छातीवर येऊन बसते, हलूच देत नाही. (तिचं तर वेडही नव्हतं. झोप आणि जाग यांच्या मधल्या वेळेत अंग आखडतं, तसला प्रकार होता तो. समजावून सांगितलं, झोपेचं वेळापत्रक बसवलं, हडळ गेली.) भीती आतून येते, पण तिला घालायला कपडे लागतात, आणि ते ती हाताशी असतील तेच घालते. तुझ्या आजीच्या माहेरी हाच मुलगा असता तर त्याला मुंजा लागला असता. याच्या हाताशी दहावीपासून व्हॅम्पायर आहेत. म्हणून सिरीज बंद करून काही होणार नाही. कोट्यवधी पोरं त्या बघतात, बघून झोपतात आणि सकाळी क्लासला जातात. अमेरिकेत तर स्वतःला व्हॅम्पायर म्हणवून घेणारी, नोकरीधंदा सांभाळणारी मंडळीसुद्धा आहेत. त्याचा मोबाईल काढून घेऊ नका. आज त्याचा बाहेरच्या जगाशी उरलेला तो एकच धागा असेल.

आणि रक्ताच्या गोष्टींचं आपल्याला काय नवल? आपल्या गावाचं नावच शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडलं, असं आपण पाहुण्यांना पंचवटी दाखवताना हौसेनं सांगतो. आजी ज्या गडाचं नाव काढते, तिथल्या देवीच्या पोथीत रक्तबीज आहे. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा राक्षस उभा राहायचा, म्हणून चामुंडेनं ते वरच्या वर पिऊन टाकलं. भीम दुःशासनाचं रक्त पितो, आणि पुढे स्त्रीपर्वात गांधारीनं जाब विचारल्यावर म्हणतो, ते ओठ-दातांच्या आत गेलंच नव्हतं. महाभारतालाही त्याची लाज वाटली असावी. बिचारा वेताळ तर फुकटच बदनाम झाला. १८७० साली रिचर्ड बर्टननं वेताळपंचविशी इंग्रजीत नेली आणि त्याचा सरळ 'व्हॅम्पायर' करून टाकला. वेताळपंचविशीतला आपला वेताळ प्रेतात शिरून झाडाला लोंबकळतो खरा, पण विक्रमाच्या मानेला काही तोंड लावत नाही. त्याला गोष्टी सांगून कोडी घालतो.

आता एक खरी गोष्ट, कारण तुझ्या घरी आज जे चाललंय ते तिच्यात जसंच्या तसं आहे.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाचं चिमुकलं राज्य आहे. तिथल्या एक्झेटर गावी ब्राऊन नावाचं शेतकरी कुटुंब होतं. आई क्षयानं गेली, मग थोरली मुलगी गेली. काही वर्षांनी मुलगा एडविन आजारी पडला आणि १८९२च्या जानेवारीत एकोणीस वर्षांची मर्सी गेली. गाव म्हणू लागलं, गेलेल्यांपैकी कोणीतरी थडग्यातून उठून एडविनला शोषतंय. बाप तयार नव्हता, पण गावानं जोर लावला. मार्चमध्ये तिघींची प्रेतं पाहिली. आई आणि थोरली यांची हाडं उरली होती. मर्सीचं शरीर मात्र शाबूत आणि काळजात रक्त. ती मेली भर थंडीत, दोन महिने गारठ्यात ठेवलेली, कुजणार कशी? पण गावाला पुरावा मिळाला. तिचं काळीज जाळलं, राख पाण्यात कालवली आणि आजारी भावाला पाजली. मे उजाडताच एडविन गेला.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२च्या मार्चमध्ये जाहीर केला होता. म्हणजे आजाराचं कारण कळून दहा वर्षं झाली होती आणि त्या घरात राख पाजणं चालू होतं. ती माणसं दुष्ट नव्हती गं. मुलगा डोळ्यांदेखत झिजत होता आणि त्यांना काहीतरी करायचं होतं. पण एडविनसाठी १८९२ साली क्षयावर औषध तरी नव्हतं. तुझ्या भावाच्या आजारावर आहे.

कोणीतरी शहाणा नातेवाईक आता 'पोर्फिरिया' नावाचा रक्ताचा आजार पुढे करेल, उन्हाचा त्रास होतो म्हणून. १९८५मध्ये एका शास्त्रज्ञानं व्हॅम्पायरच्या कथांशी त्याची सांगड घातली होती. ती टिकली नाही, आणि ज्यांना खरोखर तो आजार आहे त्यांच्या मागे मात्र लागली. तो विषय सोडून दे.

तुझ्या पत्रात रक्तापेक्षा मला जास्त बोचलेल्या गोष्टी तू घाईत लिहून गेलीस. कॉलेज बंद होऊन किती महिने झाले. रात्रंदिवस उलटे झाले. कोणीतरी आपलं काही नेतंय हा पक्का विश्वास, आणि त्याबद्दल विचारलं तर वाद नाही, शंका नाही. याला आम्ही 'भ्रम' म्हणायचो. 'भास' वेगळा, नसलेले आवाज ऐकू येणं वगैरे. तो एकटाच पुटपुटतो का, मध्येच कान टवकारतो का, आंघोळ किती दिवसांनी करतो, जेवणाचा वास घेऊन बघतो का, मित्र कधी तुटले, हे तू लिहिलं नाहीस. बघ आणि वहीत तारखेनिशी लिही. वीसच्या आसपासच्या मुलग्यांत स्किझोफ्रेनिया किंवा तशा प्रकारचं मानसिक आजारपण सुरू होण्याचं हेच वय. पण गांजा किंवा दुसरी नशा, खूप वाढलेलं नैराश्य, थायरॉइड, फिटचा एखादा प्रकार, हेही असू शकतं आणि ते डॉक्टरनंच बघायचं. तो नशा करतो का हे त्याच्या मित्राला विचार, आईसमोर त्याला नको.

आणि डायलिसिस. तू ते पहिल्या चार ओळींत लिहून पुढे गेलीस. सोळाव्या वर्षाच्या आतबाहेरचा मुलगा, आठवड्यातून दोनतीनदा बापाच्या खुर्चीशेजारी बसून चार-चार तास नळीतून रक्त बाहेर जाताना आणि यंत्रातून परत येताना बघत होता. "काढून नेतं", "परत घेतो". हे शब्द कुठल्या सिरीजमधले नसावेत. त्यामुळे आजार झाला असं मी म्हणत नाही, असे आजार इतके सरळ होत नाहीत, आणि तुम्ही त्याला पाठवलंत म्हणून झालं असं तर मुळीच मनात आणू नकोस. पण डॉक्टरांना ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायची. वडिलांना किडनीचा आजार होता म्हणजे एकदा याचाही रक्तदाब आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्तचाचणी, बघितलेली बरी.

आता तुझा खरा प्रश्न. तो आम्हाला काही करेल का?

तू वाचलेला खुनी खरा आहे. रिचर्ड चेस, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा. १९७७च्या डिसेंबरअखेरीपासून महिन्याभरात त्यानं सहा जणांचा जीव घेतला. आपलं रक्त बिघडतंय, आटतंय, हा भ्रम त्यालाही होता. तुझ्या भावाचं वाक्य आणि हे शेजारी ठेवून तू हबकलीस, ते कळतं मला. पण हेही वाच की तो वर्षानुवर्षं आजारी होता, नशेत बुडालेला होता, मनोरुग्णालयात राहून आला होता आणि बाहेर आल्यावर त्याची औषधं सुटली. एकटा राहत होता, दारात बघायला कोणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात ३०० माणसांमागे साधारण एकाला स्किझोफ्रेनिया असतो. २०११च्या जनगणनेत नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांचं होतं. ढोबळ हिशेब केलास तरी जवळपास पाच हजार माणसं झाली. ती तुझ्याबरोबर शालिमारला बस पकडतात, सातपूर-अंबडला कामाला जातात, रविवारी मिसळ खातात. त्यांच्यातले बहुतेक कोणाच्या अंगावर जात नाहीत. उलट मार खाणारे, फसवले जाणारे, घराबाहेर काढले जाणारे मी किती पाहिले त्याची गणती नाही. तुझ्या भावाच्या बाबतीत आजचा मोठा धोका त्याला स्वतःलाच आहे. ब्लेडचं आधी बघा: ब्लेड, कात्र्या, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, घरातल्या गोळ्या, सगळं गाजावाजा न करता कुलपात.

खोटा धीर देत नाही तुला. काही गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी, त्याच तासाला हालचाल करायची. "कोणीतरी" जाऊन नाव आलं, म्हणजे रक्त आईच नेते किंवा तूच नेतेस असं तो म्हणाला. आवाज त्याला काही करायला सांगतायत असं म्हणाला. उशाशी हत्यार सापडलं, धमकी दिली, किंवा मरणाची भाषा आली. मग समजूत घालत बसू नकोस, १०८ला रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ला फोन कर. तोपर्यंत तुझी कडी लावलीस तरी अपराधी वाटून घेऊ नकोस. झोप तुलाही हवी आहे.

आजी आणि मामांकडे वळते. गडावर जायला माझी हरकत नाही. आजीचा जीव तिथे आहे, देवीला हात जोडून तिला बळ येत असेल तर ते तुम्हाला लागणारच आहे. पण आधी डॉक्टर, गोळ्या सुरू, झोप थोडी बसली, मग गड. आज रात्रभर जागलेल्या, घाबरलेल्या पोराला गर्दीत, ढोलताशात नेलंत तर काय होईल याचा विचार करा. नारायण नागबळीचं मामांना सांग, विधी पुढच्या वर्षीही होईल. त्यावर जो खर्च करायचा तो बाजूला ठेवा.

भगत मात्र नाही. यात मी कोणाचं ऐकणार नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं, मिरच्यांची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, हे सगळं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर हा कायदा आला, तो फुकट आलेला नाही. मामांना तमिळनाडूतलं एरवाडी सांग. २००१च्या ६ ऑगस्टला तिथल्या एका आसऱ्याला पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यांनाही त्यांच्या घरच्यांनी बरं व्हावं म्हणूनच आणून सोडलं होतं.

आईची ठाण्याची भीती जुनी आहे. आपल्याकडे चिडवायलासुद्धा "ठाण्याला पाठवा याला" म्हणतात. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूरला आहेत, नाशकात नाही. त्यामुळे इथल्या आयांना वाटतं, पाऊल टाकलं की गाडी थेट ठाण्याला. तसं होत नाही. या आजारांचे बहुतेक रुग्ण घरी राहून, ओपीडीत येऊन उपचार घेतात. भरती करावंच लागलं तरी २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं त्याला अटी आणि मुदती घातल्या आहेत, साखळीला पूर्ण बंदी आहे. कोणी कोणाला 'टाकू' शकत नाही आता. आरोग्य विमा असेल तर त्याच कायद्यानं मानसिक आजाराला तो शारीरिक आजारासारखाच लागू आहे. विम्याची कागदं एकदा काढून बघ.

त्याच्याशी कसं बोलायचं? "असं काही नसतं" म्हणू नकोस. तो तुला चोरांच्या बाजूला टाकेल. "हो, कोणीतरी नेतंय खरं" असंही नको. उद्या तेच त्याचा पुरावा होईल. आमच्या डॉक्टरांकडून शिकलेलं वाक्य देते, तुझ्या भाषेत बदलून घे: "मला ते दिसत नाही, पण तुला रात्री फार भीती वाटते हे मला दिसतं. चार रात्री सलग झोप लागेल असं काहीतरी करू." भ्रमावर औषध घ्यायला कोणीच येत नाही. झोपेवर येतात. आणि हे खोटं नाही, झोप खरंच आधी सुधारते. गोळ्या लागू पडल्या की बेचैनी काही दिवसांत उतरते, भ्रम सैल व्हायला मात्र काही आठवडे लागतात. या मधल्या काळात घरं हिंमत हरतात. सुस्ती येईल, वजन वाढेल, हात थरथरेल. तसं झालं तर डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यायचं, आपल्या मनानं बंद करायचं नाही. बरा वाटू लागल्यावर तर अजिबात नाही. सगळ्यात जास्त घरं तिथेच घसरलेली मी पाहिली.

सोमवारी निघा. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, केस पेपर काढायचा. खासगी परवडत असेल तर गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या बाजूला मनोविकारतज्ज्ञ भरपूर आहेत. फक्त पाटीवर समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यातला फरक बघून घे, तुला आधी गोळी लिहू शकणारा डॉक्टर हवा. भाऊ यायला तयारच झाला नाही, तर तू आणि आई वही घेऊन जा आणि पुढे कसं करायचं ते विचारा. आज रात्रीच कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत. तो तुझ्यासाठीही आहे.

'रेनफिल्ड' हा शब्द डॉक्टरांसमोर काढू नकोस. वही दे. आणि आत जायच्या आधी एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून नर्सकडे दे, की याला वाटतं आपलं रक्त चोरलं जातंय, आजच्या आज रक्त तपासायला पाठवू नका, आधी बोला. कारण कुठल्याही ओपीडीत पहिली गोष्ट तीच होते: बाही वर कर, मूठ आवळ. त्या खुर्चीत बसल्यावर त्याच्या मनात काय येईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. तपासणी चार दिवसांनी झाली तरी चालते.

गर्दी असते, दुपार होईल. डबा घेऊन जा. गॉगल घालूनच येईन म्हणाला तर येऊ दे.